सहा इंची आरसा हातानं घासताना: काचेच्या चकतीपासून ताऱ्याच्या चाचणीपर्यंत

सहा इंची परावर्ती दुर्बीण बाजारात तयार मिळते. ज्याला फक्त आकाश बघायचं आहे त्यानं ती खुशाल विकत घ्यावी. हा लेख आरसा स्वतः घासू पाहणाऱ्यांसाठी आहे. काम कष्टाचं आहे, पण त्याला यंत्र लागत नाही. दोन हात, दोन चकत्या, पावडर, पाणी आणि अंधाऱ्या खोलीतली एक साधी चाचणी एवढ्यावर ते होतं. घासण्याची कला आठवड्याभरात हाताला बसते. आरसा बिघडतो तो बहुतेक वेळा मोजण्यात, म्हणून या लेखात मोजण्याला जास्त जागा दिली आहे.

किती अचूक, आणि का

प्रकाश ही लहर आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसणाऱ्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर असते. आरशाच्या वेगवेगळ्या भागांवरून परतलेल्या लहरी नाभीपाशी, म्हणजे किरण एकत्र येतात त्या बिंदूपाशी, एका तालात पोहोचल्या तरच ताऱ्याचा नीट बिंदू दिसतो. परतलेल्या लहरींत पाव तरंगलांबीपेक्षा जास्त फरक पडू नये, हा रेले या भौतिकशास्त्रज्ञाचा जुना निकष आहे. आरशावर प्रकाश जातो आणि परत येतो, त्यामुळे पृष्ठभागावरची चूक लहरीत दुप्पट होते. म्हणजे पृष्ठभागावर आपल्याला जेमतेम ६९ नॅनोमीटरची सूट आहे.

हा आकडा वाचून घाबरायचं कारण नाही. दोन चकत्या एकमेकींवर सगळ्या दिशांनी, आलटूनपालटून घासत राहिल्या, तर सगळीकडे सतत टेकून राहील असा एकच आकार उरतो, तो म्हणजे गोलाचा तुकडा. वरची चकती खोलगट होते, खालची फुगीर. जिथे उंचवटा आहे तिथे दाब जास्त पडतो आणि तोच भाग आधी झिजतो. अचूकता या झिजण्याच्या पद्धतीतच आहे. आपण फक्त ती बिघडवायची नाही.

१५० मि.मी. व्यासाच्या आरशाची विवर्तनामुळे (प्रकाशाच्या लहरी कडेपाशी पसरल्यामुळे) येणारी बारकावे दिसण्याची मर्यादा सुमारे ०.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे. चंद्रावर त्याचा अर्थ होतो साधारण पावणेदोन किलोमीटर. अंधारात ७ मि.मी. उघडणाऱ्या बाहुलीच्या तुलनेत असा आरसा सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो.

नाभीय अंतर आधी ठरवा

पहिल्या आरशासाठी एफ/८ घ्यावा, म्हणजे नाभीय अंतर (आरशापासून नाभीपर्यंतचं) व्यासाच्या आठपट, १२०० मि.मी. वक्रता त्रिज्या, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या, त्याच्या दुप्पट, २४०० मि.मी. मध्यभागी किती खोल खणायचं हे एका सूत्रातून मिळतं: आरशाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट. ७५ चा वर्ग ५६२५, भागिले ४८००, म्हणजे १.१७ मि.मी. एवढीशी खोली!

एफ/८ का, हेही समजून घ्यावं. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणायला गोलाकार नव्हे, अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) आरसा लागतो. एफ/८ च्या सहा इंची आरशात जवळात जवळचा गोल आणि अन्वस्त यांच्यातला फरक पृष्ठभागावर जेमतेम ७१ नॅनोमीटर आहे. म्हणजे नुसता गोल ठेवला तरी आपण रेलेच्या निकषाच्या काठावर असतो आणि शेवटची दुरुस्ती अगदी थोडी करावी लागते. एफ/१० घेतला तर हा फरक ३७ नॅनोमीटरवर येतो आणि गोल तसाच ठेवला तरी चालतो. पण नळी दीड मीटर लांब होते, वाऱ्यात हलते आणि डोळा लावायला स्टूल घ्यावं लागतं. उलट एफ/५ चा मोह पहिल्या खेपेला टाळावा. तिथे हा फरक सुमारे चौपट होतो आणि घासणाऱ्याची खरी परीक्षा अन्वस्तातच लागते.

सामान

काचेची चकती १५० मि.मी. व्यासाची आणि २० ते २५ मि.मी. जाडीची घ्यावी. व्यासाच्या सहाव्या भागाएवढी जाडी असली की काच स्वतःच्या वजनानं वाकत नाही. बोरोसिलिकेट काच मिळाली तर उत्तम, कारण साध्या काचेच्या मानानं ती तापमानाबरोबर एक तृतीयांशच प्रसरण पावते. साधी जाड काचही चालते, फक्त दर चाचणीआधी ती निवायला जास्त वेळ द्यावा लागतो.

खालची चकती, म्हणजे हत्यार, दुसऱ्या काचेची करता येते. स्वस्तातला पर्याय असा: दंतवैद्य वापरतात त्या कडक प्लास्टरची २५ मि.मी. जाड चकती ओतावी, पूर्ण वाळल्यावर तिला सगळीकडून इपॉक्सीचा हात द्यावा आणि वर चकाकी नसलेल्या फरशीचे इंचभर तुकडे इपॉक्सीनं चिकटवावेत. तुकड्यांमध्ये ३-४ मि.मी. फट ठेवावी. मधला तुकडा बरोबर चकतीच्या केंद्रावर येऊ देऊ नये, नाहीतर आरशावर वर्तुळाकार चर पडतात.

पावडरी: कार्बोरंडम ८० नंबर सुमारे ३०० ग्रॅम, १२० आणि २२० नंबर प्रत्येकी १०० ग्रॅम, ४०० नंबर ५० ग्रॅम. त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइड १२ मायक्रॉन आणि ५ मायक्रॉन, प्रत्येकी ४०-५० ग्रॅम. पॉलिशसाठी सीरियम ऑक्साइड १०० ग्रॅम आणि पिच (डांबरासारखा चिकट, घट्ट पदार्थ) अर्धा किलो. याखेरीज घड्याळजीचं दहापट भिंग, स्टीलची सरळ पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा), धार लावायचा दगड आणि भरपूर जुनी वर्तमानपत्रं.

उभं राहून चहूबाजूंनी फिरता येईल असं बैठं ठाणं लागतं. लोखंडी पिंपात वाळू भरून वर जाड प्लायवूड घट्ट बसवलं की झालं. त्यावर तीन लाकडी ठोकळे खिळवून त्यांच्यामध्ये खालची चकती बसवावी. खाली वर्तमानपत्राच्या ओल्या घड्या ठेवाव्यात. चकती खालून असमान टेकली तर आरसा एका दिशेनं वाकतो आणि हा दोष थेट ताऱ्याच्या चाचणीतच उघड होतो, जेव्हा उशीर झालेला असतो.

खड्डा पाडणं

सुरुवातीला दगड पाण्यात भिजवून आरशाच्या कडेला ४५ अंशांची, २-३ मि.मी. रुंद उतरती धार काढावी. ही उतरती कड घासाईभर राखायची. ती झिजली की कडेचे टवके उडतात, आणि काचेचा एक टवका मधे अडकला की आरशावर ओरखडा काढतो.

८० नंबरची अर्धा चमचा पावडर खालच्या चकतीवर पसरावी, पाणी शिंपडावं, वर आरसा ठेवून घासायला लागावं. खड्डा पाडताना आरशाचं केंद्र हत्याराच्या कडेजवळून जाईल असे फटके मारायचे आणि दाब हत्याराच्या कडेवर येऊ द्यायचा. पाच-सहा फटक्यांनंतर आरसा हातात थोडा फिरवायचा आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. फटका, आरशाचं फिरणं आणि आपलं फिरणं, या तीन गती कधीही एका ठरावीक आकड्यात बांधू नयेत. अनियमितपणा इथे गुण आहे.

सुरुवातीला कर्कश खरखर येते. तीन-चार मिनिटांत आवाज मऊ झाला की ती खेप संपली. पावडरीच्या कण्या फुटून बारीक झालेल्या असतात. चिखल पुसून नवी खेप घ्यावी. तो चिखल मोरीत सोडू नये, खाली बसून नळी बुजवतो. बादलीत निवळू द्यावा. पावडर कोरडी उडवू नये, कारण ती श्वासातून आत जाणं वाईट. काम नेहमी ओलंच.

खोली मोजायला आरशावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मध्यभागी फीलर गेजच्या पात्या सरकवाव्यात. १.०५ ते १.१ मि.मी. झालं की ८० नंबर थांबवावा. उरलेली खोली पुढच्या दोन नंबरांत येते. त्याच वेळी फटका बदलावा: केंद्रावरून केंद्र, आणि एकूण लांबी व्यासाच्या एक तृतीयांश.

दुसरी तपासणी सूर्याची. आरशावर पाण्याचा पातळ थर ठेवून ऊन भिंतीवर परावर्तित करा आणि प्रतिमा सगळ्यात लहान व तेज होईल ते अंतर मोजा. १२०० मि.मी.वर सूर्याची प्रतिमा सुमारे ११ मि.मी. व्यासाची येते. परावर्तित झोतात डोळा किंवा कापड आणू नये, क्षणात भाजतं.

नाभीय अंतर हवं त्यापेक्षा कमी झालं तर घाबरू नका. आरसा खाली आणि हत्यार वर घेऊन घासलं की वक्रता उलट दिशेनं सरकते. नेम फारच काटेकोर ठेवायची गरज नाही. ११५० आला काय किंवा १२५० आला काय, नळी त्याप्रमाणे कापता येते.

बारीक नंबर

आता खोली नको, मागच्या नंबरचे खड्डे घालवायचे आहेत. प्रत्येक नंबरला ४५ मिनिटं ते तासभर. अर्धा वेळ आरसा वर, अर्धा वेळ हत्यार वर.

नंबर बदलताना सगळं धुवायचं: पिंपाचं तोंड, ठोकळे, हात, नखं, बाहीची कड. वर्तमानपत्रं बदलायची, बादली बदलायची. ८० नंबरची कणी साधारण ०.१८ मि.मी. असते. ती एक जरी १२ मायक्रॉनच्या खेपेत शिरली तरी ओरखडा पडतो आणि दोन नंबर मागे जावं लागतं. ८० नंबरचं काम अंगणात किंवा गच्चीत करून बाकीचं घरात करावं, हा सगळ्यात सोपा उपाय.

नंबर संपला का हे घड्याळावर ठरवू नये. आरसा धुऊन वाळवावा, मागून दिवा धरावा आणि भिंगातून केंद्र, मध्य आणि कड अशा तीन जागा पाहाव्यात. सगळे खड्डे एकसारखे दिसले पाहिजेत. एखादा मोठा खड्डा दिसला तर काचेच्या मागच्या बाजूला मार्करनं ठिपका करावा आणि तो जाईपर्यंत पुढे जाऊ नये. पॉलिशमध्ये तो खड्डा काढायला दहापट वेळ लागतो. घाईत असलेले लोक नेमके इथेच घाई करतात.

दोन्ही चकत्या नीट टेकतात का यासाठी आरशावर पेन्सिलच्या आडव्या-उभ्या रेघा ओढून मिनिटभर घासावं. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर गोल जमला. फक्त कडेच्याच पुसल्या तर मधे पोकळी आहे, काम चालू ठेवावं.

१२ आणि ५ मायक्रॉनला चकत्या एकमेकींना चिकटण्याचा धोका असतो. पाणी सुकू देऊ नका आणि आरसा हत्यारावर तसाच ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. चिकटल्याच तर कोमट पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि लाकडाचा ठोकळा कडेला लावून लाकडी हातोडीनं हलके ठोके देत सरकवाव्यात. पाचर घालून उचकटू नये, कड फुटते. ५ मायक्रॉननंतर कोरडा आरसा तिरका धरला तर दिव्याचं तांबूस प्रतिबिंब त्यात दिसू लागतं.

पिच

पॉलिश काचेनं किंवा कापडानं होत नाही, पिचनं होतं. पिच हा विलक्षण पदार्थ आहे. ठोकलं तर फुटतो, हळू दाबलं तर वाहतो. त्यामुळे तो आरशाचा आकार घेतो आणि सीरियमच्या कण्या स्वतःत रुतवून धरतो. धातूचे आरसे पिचवर पॉलिश करण्याची रीत न्यूटननं १७०४ साली छापली. १६६८ मध्ये त्यानं पहिली परावर्ती दुर्बीण केली होती. काचेची चकती बदलली, पावडरी बदलल्या, पिच अजून तेच.

तयार ऑप्टिकल पिच परवडत नसेल तर राळ वितळवून त्यात थोडं मेण आणि थेंबथेंब एरंडेल घालून जुळवता येतं. ज्वालेवर कधीच गरम करू नका, वाफा पेट घेतात. झाकण असलेल्या भांड्यात, विजेच्या शेगडीवर, मंद. पाण्याचा थेंब पडला तर उसळून अंगावर येतं. कडकपणा असा तपासा: थोडं पिच खोलीच्या तापमानाच्या पाण्यात निववा आणि नख साधारण दाबानं दहा सेकंद रोवा. पाच-सहा मि.मी. लांबीची खूण उमटली तर ठीक. मोठी उमटली तर मऊ आहे, आणखी वेळ तापवावं. खूण उमटलीच नाही तर तेल वाढवावं.

आपल्या हवेत ही तपासणी ज्या दिवशी काम करायचं त्याच दिवशी करावी. डिसेंबरच्या नाशिकमध्ये जुळवलेलं पिच मे महिन्यात ओघळतं, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर दुपारी पॉलिश करूच नये. पहाटे आणि सकाळी करावं. मऊ पिचवर आरशाची कड पडते (जास्त झिजून खाली उतरते), कडक पिचवर बारीक चरे येतात.

हत्यार कोमट पाण्यात ठेवून तापवावं, पुसावं, भोवती कागदाची पट्टी चिकटवून ६ मि.मी. उंच भिंत करावी आणि पिच ओतावं. साय धरली की आरशावर सीरियमचा पातळ घोळ लावून तो पिचवर ठेवून हलवत राहावा, म्हणजे चिकटत नाही आणि आकार उमटतो. मग पाजळलेल्या ओल्या सुरीनं किंवा ब्लेडनं २५ मि.मी.चे चौकोन पडतील अशा ५ मि.मी. रुंद खाचा पाडाव्यात. चौकोनांचं केंद्र आणि हत्याराचं केंद्र एकत्र येऊ देऊ नये. कारण फरशीच्या तुकड्यांसारखंच: वर्तुळं पडतात. पुन्हा घोळ लावून आरसा वर ठेवावा आणि त्यावर दोन-तीन किलो वजन अर्धा तास ठेवावं. प्रत्येक बैठकीआधी असंच दहा मिनिटं दाबून घ्यावं. पिच आरशाला सगळीकडे टेकत नसेल तर पुढचे सगळे तास वाया.

पॉलिश

सीरियम एक भाग, पाणी चार-पाच भाग. आरसा वर, फटका एक तृतीयांश, बाजूला किंचित नागमोडी. हाताचा दाब काचेच्या मधोमध, बोटं कडेवर नकोत. बोटांची उब काच फुगवते आणि फुगलेला भाग जास्त झिजतो. अर्ध्या तासात मध्यभाग चकाकू लागतो, पूर्ण पॉलिशला सहा ते दहा तास लागतात.

पॉलिश झालं का हे लेझर पॉइंटरनं कळतं. अंधारात लाल किरण तिरका पाडून काचेच्या पुढच्या पृष्ठभागाकडे पाहा. पॉलिश अपुरं असेल तर किरण जिथे शिरतो तिथे ठिपका उजळतो. कडेला सगळ्यात शेवटी तपासा, कारण राखाडीपणा तिथेच उरतो.

सुरीची चाचणी

फ्रान्सच्या लिओं फुकोनं १८५८ मध्ये ही चाचणी दिली. घरच्या सामानात नॅनोमीटर दाखवणारी दुसरी इतकी साधी युक्ती नाही.

आरसा एका टोकाला उभा करा. वक्रताकेंद्रापाशी, म्हणजे २४०० मि.मी.वर, एलईडीसमोर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातली बारीक फट आणि शेजारी दाढीचं ब्लेड (हीच आपली सुरी) ठेवा. ब्लेड पुढे-मागे सरकवायला एम-६ चा स्क्रू वापरावा. त्याचा एक फेरा म्हणजे बरोबर १ मि.मी. स्क्रूच्या मुठीवर २० खुणा केल्या की एक खूण ०.०५ मि.मी.

परतलेला प्रकाश डोळ्यात घेतला की अख्खा आरसा उजळलेला दिसतो. आता ब्लेड डावीकडून त्या प्रकाशात सरकवा. सावली ब्लेडच्याच बाजूनं आली तर ब्लेड केंद्राच्या अलीकडे, आरशाच्या बाजूला आहे. विरुद्ध बाजूनं आली तर पलीकडे. आरसा खरा गोल असेल तर एका जागी सगळा पृष्ठभाग एकदम, सारखा राखाडी होतो. पॉलिशनंतर हे दृश्य मिळवणं हेच पहिलं ध्येय.

चाचणीआधी आरसा हातात धरलेला असेल तर तासभर निवू द्या. का ते एकदा प्रत्यक्ष बघावं: आरशाला अंगठा दहा सेकंद लावून काढा आणि पुन्हा सुरीच्या सावलीत पाहा. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी राहिलेली दिसते आणि काही मिनिटांत विरते. हातातल्या उबेनं काच इतकी वाढते हे पाहिलं की निवू देण्याची सूचना पुन्हा करावी लागत नाही.

कड वेगळी तपासा. प्रकाश बहुतेक कापला गेल्यावर कडेभोवती बारीक तेजस्वी रेघ दिसते. ती डावी-उजवीकडे सारखी असेल तर कड चांगली. एका बाजूला तुटलेली असेल तर कड पडली आहे. पिच कडक करावं, फटका आखूड करावा, कडेवरचा दाब काढावा आणि दोन-तीन तास काम करत राहावं. शेवटचा दीड-दोन मि.मी. भाग तरीही हट्टानं पडलेलाच राहिला तर दुर्बिणीत तेवढी कड काळ्या कड्यानं झाकावी. प्रकाश किंचित कमी होतो, प्रतिमा सुधारते.

गोलापासून अन्वस्तापर्यंत

इथे पाच-पाच मिनिटांत काम करायचं. आरसा वर, फटका लांब, बाजूलाही ३५-४० मि.मी. बाहेर जाणारा रुंद नागमोडी. यानं मध्य किंचित खोल होतो. पाच मिनिटं काम, तासभर निववणं, मग चाचणी. सुरी ७० टक्के त्रिज्येच्या पट्ट्याच्या नाभीपाशी असताना अन्वस्त एका बाजूनं उजेड पडलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो.

डोळ्यावर भिस्त ठेवू नये, आकडे घ्यावेत. पुठ्ठ्याच्या मुखवट्यात केंद्रापासून २५ मि.मी. आणि ७० मि.मी.वर डाव्या-उजव्या जोडीच्या खिडक्या कापा. प्रत्येक जोडीच्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी, सारख्या अंधारतील अशी सुरीची जागा शोधा आणि स्क्रूचं माप लिहा. पाच वेळा मोजून सरासरी घ्या. प्रकाशाची फट जागेवर स्थिर आणि फक्त सुरी सरकत असेल तर प्रत्येक पट्ट्याचं सरकणं म्हणजे त्याच्या त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्या. २५ साठी ०.२६, ७० साठी २.०४, म्हणजे फरक १.७८ मि.मी. गोलासाठी हा फरक शून्य. १.२५ ते १.८ च्या दरम्यान आलात आणि सावली गुळगुळीत असेल तर थांबा. थोडं कमी राहिलेलं परवडतं. रात्री निवत असलेला आरसा आपणहून जास्त अन्वस्ताकडे झुकतो, त्यामुळे आधीच जास्त झालेला आरसा मध्यरात्रीपर्यंत त्रास देतो. जास्त झालंच तर आखूड फटक्यांनी पुन्हा गोलाकडे यावं.

एक सापळा इथे आहे. फट आणि सुरी एकाच सरकत्या पट्टीवर बसवल्या असतील तर सगळी मापं निम्मी येतात, १.७८ च्या जागी ०.८९. आपलं चाचणीचं ठाणं कोणत्या प्रकारचं आहे हे न पाहता सूत्र लावलं तर अतिशय काळजीपूर्वक, अतिशय गुळगुळीत असा चुकीचा आरसा तयार होतो.

हबल दुर्बिणीचं नेमकं हेच झालं. २४ एप्रिल १९९० ला ती अवकाशात गेली आणि प्रतिमा धूसर आल्या. तिचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, पण कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट होता. घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मि.मी. चुकीच्या जागी बसलं होतं आणि आरसा त्या उपकरणाबरहुकूम बिनचूक केला गेला. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या गेलेल्या चाचण्यांत गडबड दिसली होती, ती बाजूला ठेवली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक आरसे बसवले तेव्हा दुर्बिणीला खरी दृष्टी आली.

आपल्या आरशाजवळ अंतराळवीर येणार नाहीत, म्हणून दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची चाचणी आधीच करावी. मिलिमीटरला चार रेघा असलेली रोंकी जाळी वक्रताकेंद्राजवळ धरली की गोल आरशात सरळ पट्टे दिसतात आणि अन्वस्तात ते एकसारखे, सौम्य वाकलेले दिसतात. पट्टे कडेजवळ अचानक वळत असतील तर सुरीनं काहीही सांगितलेलं असो, कड पुन्हा पाहा. दोन चाचण्या एकमेकींशी भांडत असतील तर भांडण मिटेपर्यंत आरसा मुलाम्याला, म्हणजे त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर चढवायला, पाठवू नये.

मुलाम्याआधी आकाश

मुलामा न दिलेली काचही सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. ठळक ताऱ्यासाठी तेवढा पुरतो. म्हणून मुलाम्याचा खर्च करण्याआधी आरसा नळीत बसवून ताऱ्याची चाचणी करावी. प्रकाश नळीबाहेर वळवणारा तिरका सपाट आरसा लंबगोल असतो, त्याचा लहान व्यास २५ ते ३० मि.मी. पुरे.

१० मि.मी.चं नेत्रभिंग लावलं की १२० पट मोठं दिसतं. तारा नाभीच्या थोडा आत आणि तेवढाच बाहेर न्यावा. दोन्हीकडे कडी सारखी दिसली तर आरसा उत्तम. एकीकडे ठळक बाहेरचं कडं आणि दुसरीकडे ते पसरलेलं दिसलं तर अन्वस्त कमी-जास्त आहे. तारा आत आडवा आणि बाहेर उभा लांबट दिसला तर आरसा वाकलेला आहे, किंवा मागचे टेकू त्याला दाबत आहेत. आधी टेकू सैल करून पाहा. आरसा त्याच्या खोबणीत कागदाच्या जाडीएवढा हलला पाहिजे.

ध्रुवतारा जागा सोडत नाही म्हणून त्यावर ही चाचणी करावी असं बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं असतं. पुण्यात तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवरच असतो, गोव्यात त्याहून खाली. इतक्या खालच्या हवेत कडी उकळताना दिसतात. डोक्यावर आलेला दुसऱ्या प्रतीचा (तेजानं ध्रुवताऱ्याएवढा) तारा घ्यावा आणि दुर्बीण हातानं सरकवत राहावी. नळी बाहेर काढून निदान तासभर झालेला असावा.

मुलामा निर्वात पेटीत दिला जातो, साधारण १०० नॅनोमीटर ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर सिलिकाचं संरक्षण. तो सुमारे ८८ टक्के प्रकाश परतवतो. घरी चांदीचा मुलामा देण्याच्या रासायनिक कृती सापडतात. त्यातलं अमोनियायुक्त चांदीचं द्रावण साठवून ठेवलं तर स्फोटक होतं, त्या वाटेला जाऊ नये. गावातल्या खगोलप्रेमी मंडळातून दोन-चार जणांचे आरसे एकाच खेपेत पाठवले तर खर्च विभागला जातो. आरसा पाठवताना पृष्ठभागावर कापूस किंवा कागद टेकवू नये. चकती कडेनं अडकेल अशी लाकडी खोबण करून वर झाकण लावावं.

मुलाम्यानंतर आरसा पुसायचा नाही. धूळ हवेच्या फुग्यानं उडवावी. फारच मळला तर वर्षातून एखाद्या वेळी भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवावा, स्वच्छ कापसाचा बोळा पाण्याखाली स्वतःच्या वजनानं एकदाच ओढावा, मग डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून उभा वाळवावा. कोकण किनाऱ्यावर खारी हवा मुलामा लवकर खाते. तिथे दुर्बीण वापरून झाली की दव पूर्ण वाळू द्यावं आणि मगच आरशाला घट्ट झाकण लावून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी.